छत्तिसातल्या नऊ तारा

एलिसेओ मास्तरांनी पाठीवरचं गाठोडं काउंटरवर उतरवलं आणि घोंगडीची गाठ सोडायला घेतली. गाठ चांगली तीन पदरी होती, डोंगरातून बसच्या टपावर हार्प घालून आणणारा माणूस मारतो तशी. आत कीबोर्डाच्या पोटात डोकं घालून बसलेल्या निल्तनने मान वर केली. माणूस ओळखला आणि त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच हातात राहिला.

आठ वर्षांत मास्तर वाळले होते. हॅट तीच होती, फक्त आता कानांपर्यंत खाली आली होती. घोंगडीतून मात्र हार्प निघाली नाही. निघाला एक जुना कीबोर्ड, बाजूला फ्लॉपीची फट असलेला, दोन कळांचे कोपरे उडालेला.

"नातीसाठी घेतलाय," मास्तर म्हणाले. "बारांकाच्या एका बँडनं नेलिदाला घेतलंय. पण म्हणतात, हार्पचा आवाज असलेलं यंत्र घेऊन ये. यात तो नाही. तू भरून देतोस म्हणे."

निल्तन भरून देतो हे किनाऱ्यावरच्या उआचोच्या बाजारात कुणालाही ठाऊक होतं. गाळ्यावर पाटीच होती, जुन्या कीबोर्डांत नवे आवाज. ट्रम्पेट, अकॉर्डियन, बायकांचा कोरस, हौस असेल त्याला कोंबड्याची बांगसुद्धा. पण त्याचं नाव झालं होतं ते एका हार्पमुळे, आणि त्या हार्पचा मालक आता समोर उभा राहून घोंगडीची घडी घालत होता.

आठ वर्षांपूर्वी मास्तर एका उत्सवात वाजवायला किनाऱ्यावर उतरले होते आणि माइकची तुटलेली वायर जोडून घ्यायला हार्पसकट गाळ्यात आले होते. निल्तनने वायर जोडली, पैसे घेतले नाहीत, वर स्वतः जाऊन कोपऱ्यावरून बदकाचं सेविचे, लिंबाच्या रसात मुरवलेलं, आणलं. जेवण झाल्यावर म्हणाला, मास्तर, एकेक तार जरा छेडून दाखवा, माइक तपासायचाय. मास्तरांनी छत्तीसच्या छत्तीस तारा छेडल्या, आणि प्रत्येक तारेचा आवाज पुरता विझेपर्यंत दुसरीला हात लावला नाही. निल्तनचं रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यातल्या नऊ त्याने ठेवल्या, कारण जुन्या कीबोर्डात तेवढ्याच मावत. मधले सूर यंत्र शेजारची तार ताणून नाहीतर सैलावून भागवून नेत असे.

मग वर्षभरात किनाऱ्यावरचे कीबोर्डवाले त्याच्याकडे रांगा लावू लागले. हार्पवाला, त्याचं बसभाडं, त्याचं जेवण आणि त्याची दारू हे सगळं एका फ्लॉपीत भागतं, हे उत्सवाच्या यजमानांच्याही ध्यानात आलं. डोंगरातल्या हार्पवाल्यांना बोलावणी येईनाशी झाली. निल्तनच्या हे कानावर येत होतं आणि त्याला वाईट वाटत होतं. वाईट वाटत असतानाच तो फ्लॉप्याही विकत होता. बदकाचं सेविचे मात्र त्याने त्यानंतर कधी मागवलं नाही.

"आणि तुमची हार्प, मास्तर?"

"लिमात आहे. एका हॉटेलाच्या भिंतीवर टांगलीय. तिच्याच पैशांत हे आलं."

घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला, त्याबरोबर तारा पिळायची लोखंडी चावी टणकन काउंटरवर पडली. मास्तरांनी ती लगेच उचलली.

"ही त्यांनी मागितली नाही," ते म्हणाले आणि चावी पुन्हा खिशात गेली.

निल्तनने आधी अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला. सध्या अकॉर्डियनला फार मागणी आहे, पोरीला अकॉर्डियन शोभेल, असं काहीबाही सांगून पाहिलं. मास्तर ऐकून घेत होते, पण हार्पवरून हलेनात. तेव्हा त्याने खणातून दुसरीच फ्लॉपी काढली. ही हार्प कुठल्यातरी परदेशी वाद्यवृंदातली होती, स्वच्छ, गुळगुळीत, इतकी वर्षं कुणी न घेतलेली. फ्लॉपी आत सरकली आणि कीबोर्ड दात खात ती वाचू लागला. दोघंही तो आवाज ऐकत बसले.

मास्तरांनी एका बोटाने चारपाच कळा दाबल्या.

"ही कुणी मोठ्या घरची बाई गालिच्यावर बसून वाजवतेय," ते म्हणाले. "चांगली वाजवते. पण तुझ्याकडे दुसरी आहे ना?"

निल्तनचे कान तापले. त्याने खालचा खण उघडला आणि शंभर वेळा हाताळून लेबल काळं पडलेली फ्लॉपी बाहेर काढली. ती भरून होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून तो यंत्राची माहिती सांगू लागला. हे जुनं मॉडेल आहे, आवाज याच्या ध्यानात राहत नाही, बंद केलं की सगळं विसरतं, दर वेळी कार्यक्रमाआधी फ्लॉपी नव्याने भरावी लागेल.

"म्हणजे दर वेळी पहिल्यापासून," मास्तर म्हणाले. "बरं. हार्पही दर वेळी लावावीच लागायची."

भरून झालं. मास्तर डावीकडून सुरुवात करून एकेक कळ दाबत निघाले, आणि त्या दिवसासारखेच प्रत्येक सूर विझेपर्यंत थांबत. खालच्या मोठ्या तारांच्या सुरांवर त्यांचं बोट रेंगाळलं. मधल्या एका कळेवर ते थांबले. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबून धरली.

"ही," ते म्हणाले.

निल्तनने काउंटरची कड धरली. "मास्तर, मी तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. माइक तपासायचा नव्हता मला."

"ते माहीत आहे. सुपे गावच्या उत्सवात ऐकली मी ही, स्पीकरच्या मागे उभा राहून. आधी वाटलं, आपल्याकडचं कोण उतरलंय हे वाजवायला. मग ही तार आली." त्यांनी कळ पुन्हा दाबली. "ऐक. उतरलेली आहे ना?"

उतरलेली होती. केसभर, पण होती. निल्तनला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणी गिऱ्हाइकाने विचारलंच तर तो सांगायचा, हा डोंगराचा बाज आहे बाबा, तिकडे असंच लावतात. लोक मान डोलवत आणि घेऊन जात.

"डोंगराचा बाज म्हणून विकतोस म्हणे. तिकडे कुणी असं लावत नाही," तो काही बोलायच्या आधीच मास्तर म्हणाले. "परक्याच्या घरी वाजवायचं तर आम्ही एक तार उतरवून ठेवतो. बापानं शिकवलेलं. ऐकणाऱ्यानं आपली जुळणी उचलू नये म्हणून. तू जेवण आणायला गेलास ना, तेवढ्यात मी उतरवली. तुझ्यावर संशय होता असं नाही, सवयच ती. मग तू बदक घेऊन आलास आणि मोठा तुकडा माझ्या ताटात घातलास. मला लाज वाटली. पण उठून तार चढवली नाही मी."

निल्तनला त्या तुकड्याची आठवण होती. तो त्याने का वाढला होता तेही आठवत होतं.

"तुम्हाला कशाची लाज, मास्तर? चोरी मी केली."

"केलीसच. त्यावर मी घरी पुष्कळ बोललोय, बायको कंटाळली ऐकून. पण खोटी तार माझी आहे. आणि मी उतरवली होती एकच. तुझ्या यंत्रात चार उतरल्यात." त्यांनी शेजारच्या तीन कळा दाबून दाखवल्या. त्याच तारेवरून ताणलेले ते सूर, तिच्याइतकेच खाली. "नेलिदा अशी वाजवणार नाही. हे नीट करता येतं का तुझ्याच्यानं?"

करता येत होतं, आणि आठ वर्षं ते दोन मिनिटांचं काम होतं. निल्तनने ती तार पडद्यावर काढली आणि आकडा एकेकाने वाढवू लागला. मास्तर डोळे मिटून कळ दाबत होते.

"वर. अजून. अजून जराशी. आं, फार झालं, मागे घे. आता हलवू नको."

पडद्यावर अकरा होते. बापाने मुलाला दिलेली आणि कुठल्याही परक्या घरात कुणाला ऐकू न दिलेली जुळणी त्या अकरावर येऊन थांबली होती. निल्तनचं बोट साठवायच्या बटणावर अडलं.

"ठेव की," मास्तर म्हणाले.

त्याने ठेवली. नव्या फ्लॉप्यांवर भरून घेतली, एक नेलिदासाठी, एक जास्तीची. पैशांचं नाव मास्तरांनी काढलं तेव्हा त्याने दोन्ही हात मागे घेतले, आणि मास्तरांनीही फार आग्रह केला नाही.

"ज्यांना ती उतरलेली दिलीस त्यांनाही आता हीच दे," घोंगडी पसरता पसरता ते म्हणाले.

त्या जुन्या फ्लॉपीवरून किती फ्लॉप्या झाल्या, त्यांच्यावरून पुढे किती, कुणाची कुठे गेली, याचा निल्तनला पत्ता नव्हता. आणि न खटकणारी गोष्ट दुरुस्त करून घ्यायला कोण कशाला येतंय.

"येतील तशी देतो, मास्तर."

मास्तरांनी मान हलवली. कीबोर्ड घोंगडीत गेला, तीन पदरी गाठ बसली. ते गाठोडं पाठीला लावणार एवढ्यात गल्लीच्या टोकाच्या गाळ्यातून गाणं सुरू झालं. कुणीतरी जुना कीबोर्ड विकत घेण्याआधी वाजवून बघत होतं, हात चांगला होता, आणि आवाज हार्पचा होता. ओळ वर चढत गेली आणि मधल्या चार सुरांवरून उतरलेलीच पुढे गेली.

निल्तनने मान खाली घातली आणि उगाच खण आवरू लागला. मास्तर तसेच उभे होते. त्यांचा हात खिशात गेला होता आणि चावी घेऊन बाहेर आला होता. गाणं संपेपर्यंत त्यांनी ती आत ठेवली नाही.