भाट्याच्या पुलावर सरळ

ज्याला आयुष्यात सरळ जायचं आहे त्याने प्रथम आपला मध्य शोधावा, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी जीप चालवताना मोठ्याने मांडलं, तेव्हा ऐकायला बाजूच्या सीटवर शेणखताचं पोतं होतं आणि माझं स्टिअरिंग उजवीकडे चांगलं वीतभर कललेलं होतं. जीप मात्र सरळ चालली होती. पोत्याने दोन्हीकडे दुर्लक्ष केलं.

तीन वर्षांपूर्वी बागेच्या चढावर मी जीप चिऱ्याच्या गडग्यावर, कडेच्या दगडी कुंपणावर, घातली. शेजारी बायको, सत्यवती. तिने साडी झटकली, उतरली आणि एवढंच म्हणाली, की हे स्टिअरिंग सरळ होईस्तोवर मी यात बसणार नाही. पुढच्या महिन्यात ती नातीला, सानवीला, सांभाळायला ठाण्याला गेली. दोन महिन्यांसाठी. स्टेशनवर ती रिक्षाने गेली, मागून मी जीपने तिचं सामान घेऊन.

त्यानंतर वाकड्या स्टिअरिंगची कुणाला अडचण नव्हती. घरात माणूस एकटा असला की पुष्कळ वस्तू वाकड्या राहू शकतात.

मंगळवारी तिचा फोन आला, शनिवारी येते, चार दिवस. बुधवारी मी भिकाजीच्या गॅरेजात हजर.

स्टिअरिंग उपटून सरळ करून पुन्हा बसवावं, असं मी सुचवलं. भिकाजी म्हणाला, चष्मा वाकडा बसला म्हणून कोणी काच उपटत नाही, काडी वाकवतात. स्टिअरिंगकडून चाकाकडे एक दांडा जातो, त्यावर आट्यांची नळी असते. ती फिरवली की दांडा लांब-आखूड होतो आणि स्टिअरिंग मध्यावर येतं. फक्त तपासायला सरळ रस्ता हवा. आम्हाला एकच आठवला, खाडीवरचा भाट्याचा पूल.

दुपारी चारला गेलो. पुलावर दोनदा थांबून भिकाजीने जीपखाली आडवं होऊन नळी फिरवली. मागच्या रिक्षावाल्यांनी आमच्या घराण्यांची चौकशी केली. पलीकडे पोचलो तेव्हा स्टिअरिंग बरोब्बर मध्यावर. परत फिरलो, तर डावीकडे वीतभर. भिकाजीने स्टिअरिंगकडे पाहिलं, फडफडणाऱ्या ताडपत्रीच्या टपाकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

"आप्पानू, वारा," तो म्हणाला. "आपण स्टेरिंग वाऱ्याला जुळवलं."

दोघांचं मिळून वय एकशे तीस. दुपारी समुद्रावरून वारा येतो हे दोघांनाही जन्मापासून ठाऊक.

त्याने नळी अंदाजाने मागे घेतली आणि पहाटे वारा पडला की बघा म्हणाला. शुक्रवारी उजाडता उजाडता मी एकटाच गेलो. जाताना सरळ. येताना सरळ. मग आणखी एकदा गेलो, उगाच. बाजूची सीट ओल्या फडक्याने दोनदा पुसली होती, ती मधूनमधून बघत.

पुलाच्या टोकाला फोन वाजला. सत्यवतीचा. सानवीची परीक्षा सोमवारवर गेली होती, त्यामुळे येणं काही जमत नव्हतं. आता दिवाळीत बघू म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. "स्टिअरिंग सरळ झालं."

"कसलं स्टिअरिंग?"

"जीपचं."

"वाकडं होतं काय?"

"थोडंसं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"अहो, ऐका ना. शेजारचा संदेश रविवारी इकडे येतोय म्हणे. त्याच्याबरोबर आमसुलं द्या. पावशेरच. आणि जरा मऊ बघून."