उपाशी गोधडी

पुस्तकं आली तेव्हा बायनाबाईला कोण आनंद झाला होता! आता त्या आनंदाचीच तिला चीड येत होती.

तीन पुस्तकं होती. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत गोधड्या. बायकांना काम मिळवून देणाऱ्या बीडच्या शिंदे मॅडम ती घेऊन चकलांबा गावाच्या पुढं या वाडीपर्यंत स्कूटीवर आल्या, तेव्हा बायका माशा बसाव्यात तशा पुस्तकांवर बसल्या. वाडीत तेव्हा दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच. लागोपाठ दुसऱ्या साली पाऊस फिरकला नव्हता. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, दूध संस्थेच्या खोलीला कुलूप लागलं. तीच खोली मग बायकांनी मागून घेतली आणि गोधड्यांची सहकारी संस्था काढली. चेअरमन बायनाबाई. का, तर सायबाच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसायची धमक दुसऱ्या कुणातच नव्हती.

मॅडमनी शहरातल्या एका दुकानाशी बोलणं लावलं होतं. बारा गोधड्या नमुन्याला द्यायच्या, पुस्तकातल्या पद्धतीनं. पसंत पडल्या तर पुरा हिवाळा काम. आणि ते काम बायनाबाईला श्वासाइतकं हवं होतं. दसरा झाला की ऊसतोडीला न्यायला बबनराव मुकादमाचा ट्रक येणार होता. मुकादम एकट्या गड्याला घेत नाही, त्याला नवराबायकोची जोडी लागते. लेक बंकट जाणारच होता. पण सून कौशल्या पोटुशी होती, आणि गेल्या साली उसाच्या मोळ्या वाहता वाहताच तिच्या पोटातलं गेलं होतं. "घरी काम लागलं तर ऱ्हाऊ दे तिला, मी दुसऱ्याच्या जोडीला जातो. न्हाईतर तिला यावंच लागंल," असं बंकटनं सांगून टाकलं होतं. म्हणजे सून ट्रकात चढणार की घरी राहणार, हे त्या बारा गोधड्यांवर होतं.

असं असताना बायकांनी पुस्तकाप्रमाणे वागावं की नाही? पण नाही!

पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं, कापड आधी दोन पाण्यांतून धुऊन घ्यावं, म्हणजे रंग जात असेल तर कळतो.

"दोन पाण्यांतून?" कडूबाई म्हणाली. "ह्या पुस्तकवालीला म्हणावं, एकदा आमच्या टँकरला घागर लावून दाव."

बायनाबाईला हसू आलं असतं, पण चेअरमनला हसून कसं चालेल? तिनं दामटून सगळ्यांचं कापड एकाच टोपात भिजवलं, तेच पाणी दुसऱ्यांदा वापरलं आणि उरलेलं लिंबाच्या झाडाला घातलं. पुस्तकात म्हटलेलं, प्रत्येक जोडावर इस्त्री फिरवा. वीज दिवसभर नसायची. मग तांब्यात निखारे घालून तांब्या फिरवला. पुठ्ठ्याचे फर्मे करून तुकडे कापा, असं होतं. लग्नपत्रिकांचे फर्मे केले, तर छबुबाईच्या शेळीनं त्रिकोण तेवढे खाऊन टाकले. सगळं निभावलं. बायका कुरकुरल्या, पण निभावलं. एका चित्रात मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यावर पट्ट्या लावत नेल्या होत्या. "ही तर वरून बघितलेली पायऱ्यांची बारव हाय," छबुबाई म्हणाली, आणि मग ती गोधडी तिनं असली झकास केली की मॅडमनी फोटो काढला.

घोड्यानं पेंड खाल्ली ती टाक्यांवर.

वाडीची रीत अशी, की गोधडी कडेनं धरायची. कडेकडेनं टाके घालत, गोल गोल फिरत आत यायचं आणि मधोमध संपवायचं. तिथं शेवटची वीतभर जागा उरली की भाकरीचा वाळका कुटका ठेवायचा, वर ठिगळ लावायचं आणि मिटवायचं. त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणारा उपाशी राहतो, असं सगळ्यांच्या आज्या सांगत आल्या. पुस्तक म्हणत होतं, मधून सुरू करा आणि कडेला जा, म्हणजे मधी फुगा येत नाही. आणि पुस्तक खरं बोलत होतं! बायनाबाईनं स्वतः दोन्ही तऱ्हांनी शिवून पाहिलं होतं. मधून धरलेली गोधडी कशी सपाट पडायची, बघत राहावं अशी.

"आन् मग घास कुठं घालायचा?" छबुबाईनं विचारलं.

"न्हाई घालायचा," बायनाबाई म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय, आत खायचं काय नको. मुंग्या लागत्यात, उंदरं लागत्यात. इकायची वस्तू हाय ती."

"बरं," छबुबाई म्हणाली.

त्या 'बरं'मध्येच सगळं आलं होतं, पण बायनाबाईला कळलं नाही.

कळलं ते मॅडम यायच्या आदल्या दिवशी. खोलीचं दार उघडलं तर भिंतीवरून मुंग्यांची काळी ओळ, सरळ गोधड्यांच्या चळतीत. बायनाबाईनं वरची गोधडी उचलून झटकली, दाबून पाहिली. कोपऱ्यात टणक काहीतरी लागलं. दुसरी पाहिली, तिच्याही कोपऱ्यात. तिसरीच्याही.

"अगं बायांनो!" ती अशी ओरडली की पारावरचे म्हातारे उठून आले. "कुठं फेडाल हे पाप! कानीकपाळी वरडून सांगितलं, तरी घातलेच का घास?"

बायका गोळा झाल्या. कुणी पदर चावला, कुणी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली.

"मधी न्हाई घातला," कडूबाई म्हणाली. "मधी घालू नका म्हणलं पुस्तक. आमी कोपऱ्यात घातला."

"पुस्तक मधीच घालू नका म्हणलं का? अगं, कुठंच घालू नका म्हणले मी!"

"तुमी म्हणलात. पुस्तकात कुठं लिवलंय?"

आता या बाईला काय सांगावं! पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेही पाणी चार दिवसांनी एकदा. बायनाबाईनं कपाळावर हात मारला, मग सगळ्यांच्या हातात ब्लेडची पाती दिली आणि कोपरे उसवून पुन्हा शिवायला बसवलं. दिवस मावळेपर्यंत खोलीत नुसता टाके तुटल्याचा आवाज. ज्वारीचे, बाजरीचे कुटके निघाले. छबुबाईच्या गोधडीतून तर गुळाचा खडा निघाला. "बारवीला गोड लागतं," ती म्हणाली.

एकच गोधडी निघाली जिच्यात काही नव्हतं. कौशल्याची. पोरगी मुलखाची मुकी. सासूनं नको म्हटलं, हिनं घातला नाही, विषय संपला.

"बघा!" बायनाबाई म्हणाली. "एकीला तरी अक्कल हाय."

छबुबाईनं मात्र ती गोधडी हातात घेतली, चारी कोपरे चाचपले आणि हळूच म्हणाली, "पोटुशी बाईच्या हातची गोधडी, आन् उपाशी? गेल्या सालाचं ठावं असून असं व्हय, बायना?"

"गप ऱ्हावा! गेल्या साली ऊस हुता, मोळ्या हुत्या. गोधडी न्हवती," बायनाबाई कडाडली. बरोबर बोलली होती. पण बरोबर बोललेलं प्रत्येक वेळी आत उतरतंच असं नाही. घरी आली तर जेवण जाईना. आश्रुबानं, तिच्या मालकानं, विचारलं, "काय झालं?" तर त्यालाच फाडून खायला उठली.

दुसऱ्या दिवशी फटफटताच टँकर आला. सगळी वाडी घागरी घेऊन धावली, कौशल्याही गेली. बायनाबाई मात्र पदराखाली कुटका धरून खोलीकडं निघाली. वाटभर स्वतःला शिव्या देत होती. 'चेअरमन म्हणं! बारा जणींना शहाणपण शिकिवलं, आन् आता बघ कुठं चाललीस, सटवे!' तरी गेली. कौशल्याच्या गोधडीचा कोपरा उसवला, कुटका आत सारला, वर ठिगळ लावून टाके घातले. घाईत घातले, तरी टाके पुस्तकासारखे आले, त्याचाही तिला राग आला.

दुपारच्या आत मॅडम आल्या. भली बाई. उगाच तोंडभर गोड बोलायची नाही आणि उगाच खोडही काढायची नाही. एकेक गोधडी सतरंजीवर पसरून ती तळहात दाबत कडेकडेनं फिरवायची. छबुबाईच्या बारवीवरून हात फिरला, कडूबाईच्या गोधडीवरच्या पाखरांवरून फिरला. हात दाबत फिरतोय हे आता बायनाबाईच्या ध्यानात आलं. एवढं साधं आपल्याला सुचू नये? शेवटची गोधडी मॅडमच्या हाती जायच्या आत तिनं ओढली आणि स्वतःच्या मांडीखाली घातली.

"ही इकायची न्हाई."

"बायनाबाई, असं काय करताय?" मॅडम म्हणाल्या. "अकरा छान आहेत. पण दुकानाला बारा हव्यात, अकरावर मी काम देऊ शकत नाही. काय झालंय तिला?"

"काय न्हाई झालं."

"मग दाखवा ना."

सगळ्या बायका टकामका बघायला लागल्या. बायनाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. शेवटी बांध फुटला.

"घास हाय तिच्यात! मीच घातलाय! झालं समाधान?"

कडूबाई फिसकन हसली. छबुबाईनं तिला कोपर मारलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"बरं, घातला तर घातला," त्या म्हणाल्या. "काढून पुन्हा टाके घाला, मी थांबते. पण तो आत ठेवून मला नेता येणार नाही."

कुणीतरी पातं पुढं केलं. बायनाबाईनं घेतलं, कोपऱ्यावर टेकवलं, आणि हात जागचा हलेना. काढला नाही तर कौशल्या ट्रकात चढणार. काढला तर तिच्या हातची गोधडी तिच्यादेखत उपाशी करायची, तीही आपल्या हातानं. हे सगळं खोटं आहे, हे तिला ठाऊक होतं. कालच नव्हतं का ठणकावून सांगितलं? तरी डोळ्यांपुढं तो गेल्या सालचा उसाचा फड येत होता, आणि पातं काही चालत नव्हतं. असा संताप आला तिला, सगळ्यांचा. पुस्तकाचा, मॅडमचा, त्या छबुबाईचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"द्या हिकडं, आत्याबाई."

कौशल्या कधी उठून आली ते कळलंच नाही. तिनं सासूच्या हातून पातं काढून घेतलं, दोन झटक्यांत ठिगळ उसवलं, बोटं आत घालून कुटका बाहेर काढला. त्याला लागलेला दोरा पुसला. आणि टाकला तोंडात.

"अगं! अगं, चिंध्यांतला तुकडा त्यो!" बायनाबाई किंचाळली.

कौशल्या कुडुम कुडुम चावत राहिली. सगळी खोली तिचं तोंड बघत होती. गिळून झाल्यावर ती सुई ओवायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, "गोधडीला कुठं भूक लागती? मला लागली हुती. कालधरनं काय न्हाई खाल्लं. तुमी जेवला न्हाई, मग मी कशी जेवणार?"

कौशल्यानं टाके घातले, मॅडमनी कोपऱ्यावर तळहात फिरवला, बारावी गोधडी अकरांच्या चळतीवर ठेवली आणि त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून काम सुरू करा."

बायका एकदम बोलायला लागल्या. छबुबाई डोळे पुसायला लागली. बायनाबाई मात्र उभी राहून सुनेकडं डोळे वटारून बघत होती.

"दोन जिवांची बाई, आन् उपाशी ऱ्हाती! तोंड न्हवतं का तुला, भवाने? काल सांगायला काय झालतं?"

आणि ना मॅडमना चहा विचारला, ना दाराला कडी घातली, ती तशीच भाकरी थापायला घराकडं पळाली.