शिट्टी वाजली नाही

घर विकताना माणसं काय काय झाकतात, विचारू नका! भिंतीची ओल रंगाखाली, फुटकी फरशी गालिच्याखाली. अमेरिकेतल्या केनेबेक नदीकाठच्या ल्युसेट थेरियोला असल्या लोकांची शिसारी होती. "माझ्या तळघरात ताट न घेता जमिनीवर जेवावं," असं ती चर्चच्या पायऱ्यांवर ठणकावून सांगायची. शेजारणी तोंडावर हो म्हणायच्या.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्याच तळघरातून रॉकेलसारखा भपकारा वर आला.

झालं होतं असं. घर घेणारी पोरगी, मार्नी, शनिवारी शेवटची नजर टाकायला येणार होती आणि सोमवारी सह्या होणार होत्या. तिची एकच अट होती: घर तापवायच्या तेलाची जुनी टाकी तळघरातून काढून द्या, आम्ही विजेवर घर तापवू. हे काम करायला परवानेवाली माणसं असतात. पण ल्युसेटचा लेक रेनाल्ड म्हणाला, "त्यात काय एवढं? एका दुपारचं काम!" वरचं चांगलं तेल त्याने पिंपात भरून आपल्या घरी नेलं; आईला शेकायला लाकडाची शेगडी होती. तळाशी उरला चाळीस वर्षांचा गाळ, काळा, चिकट, मेलेल्या उंदरासारखा घाणेरडा. तो त्याने दोन बादल्यांत काढला आणि परसात लायलॅकच्या झुडपामागे ओतला.

ल्युसेटने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

बाहेरच्या भिंतीत तेल भरायची नळी तशीच राहिली. तेलवाल्याला 'आता येऊ नका' असा फोन करायचा, तोही राहिला.

त्यामुळे तीस हिवाळे तिच्या दारी तेल आणणारा एल्डन ग्रिंडल शुक्रवारी नेहमीसारखा टँकर घेऊन आला. त्याने नळीला पाइप जोडला, पंप सुरू केला. टाकीत तेल पडू लागलं की आतली हवा दुसऱ्या नळीतून शिट्टी वाजवत बाहेर येते, आणि टाकी भरली की शिट्टी थांबते. एल्डन कानानेच तेल भरायचा. आज शिट्टी वाजलीच नाही! त्याने झटक्यात पंप बंद केला. तोवर तीन बादल्या लालभडक तेल तळघरात सांडलं होतं.

"ल्युसेटबाई! टाकी कुठंय?"

"काढली."

"मग नळी काय शोभेला ठेवलीत?"

निरोप मिळताच रेनाल्ड धावत आला. मांजरांच्या शी-शूसाठी मिळते ती कोरडी माती त्याने पोत्यांनी आणली आणि तेलावर पसरली. "आई, सकाळपर्यंत सगळं शोषलं जाईल. वरून करडा रंग मारतो. तू फक्त तुझी ती खिमा भरलेली तुर्तिएर भाज. मांसाचा आन् लवंगेचा वास सुटला की कोण हुंगतंय!"

काय ते शहाणपण! आणि सांगायला लाज वाटते, पण ल्युसेटने खरंच पीठ मळलं. हात तीनदा धुतले, तरी बोटांना तो वास होताच. तुर्तिएर भाजून निघाली. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि मोरीत थुंकला. जिभेवर तेल, नाकात तेल, केसांत तेल. शी! जिच्यासाठी दर नाताळात सोयरे भांडायचे, ती तुर्तिएर तिने कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने हुंगली आणि तोंड फिरवलं.

"त्याला कळतंय," दारात उभा राहून एल्डन म्हणाला. "तळघरातलं माझ्या पंपातून सांडलं, ते मी सरकारी खात्याला कळवलंय. माणसं येतील. पण झुडपामागचं बर्फ काळं झालंय, ते कुणाच्या पंपातून आलं?"

"काका, दोन बादल्या गाळ तो!" रेनाल्ड उसळला. "एवढ्या जमिनीला काय धाड भरत्येय?"

"तिथून विहीर किती पावलांवर आहे रे?"

ल्युसेटला आकडा पाठ होता. नवऱ्याने विहीर खणून घेतली तेव्हा झुडपापासूनचं अंतर मोजताना फितीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. "बावीस," ती पुटपुटली.

"मार्नीचं लेकरू बाटलीतून पावडरचं दूध पितं. ते कुठल्या पाण्यात कालवणार ती? बाई, जमिनीला रंग मारता येतो. पाण्याला कुठला मारणार? मी झुडपामागचं कुणाला सांगणार नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगायचं."

ल्युसेटला त्या रात्री झोप आली नाही. उशीलाही वास येत होता.

शनिवारी मार्नी लेकराला कडेवर घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. "हा वास कसला?"

रेनाल्ड पुढे सरसावला. "काही नाही हो, आईने—"

"थोबाड बंद ठेव!" ल्युसेट कडाडली. "चल पोरी, आधी परसात चल."

"आई, घर हातचं जाईल!"

"जाऊ दे! लेकराला गाळ पाजून मला घर विकायचं नाही!"

तिने झुडपामागची घाण दाखवली. पडद्याचंही सांगितलं. मार्नी दोन पावलं मागे सरली, लेकराचं नाक तिने पदराआड घ्यावं तसं कोटात दडवलं. ल्युसेट जन्मभर ज्या नजरेने दुसऱ्यांच्या घरांकडे बघत आली, तीच नजर आज तिच्यावर होती. तिने ती खाली मान घालून सोसली.

"हे तुम्ही मला का सांगताय?" मार्नीने विचारलं.

"मी नसतं सांगितलं, तर नळाने सांगितलं असतं."

सह्या लांबल्या. खात्याची माणसं आली, लायलॅकसकट माती खणून पिंपांत भरून घेऊन गेली. रेनाल्डही त्यांच्याबरोबर चिखलात राबला; आईने त्याला त्या कपड्यांत घरात घेतलं नाही. एल्डनने नळी उपटून भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं. बर्फ गेलं, चिखलाचे दिवस गेले, तेव्हा विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली. पाणी चोख निघालं. गाळ फार खोल मुरायच्या आत माती उचलली, म्हणून वाचले!

मार्नी चाव्या घ्यायला आली. तपासणीचा कागद वाचूनही तिचा हात नळाकडे जाईना. ल्युसेटने ग्लास काढला, काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर एका दमात रिकामा केला. मग मार्नीने बाटली नळाखाली धरली.

तेव्हा लोकहो, घर विकताना चाव्या द्या, आपली घाण देऊ नका. टाकी जाणत्याकडून काढा, नळी उपटा, तेलवाल्याला फोन करा. आणि पडदा ओढायला हात गेला, तर तो हात तिथेच धरा. जे पाणी आपण पिणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराच्या नळाला सोडायचं नाही!