काट्याला बाई कळली!

"उतरला! काटा उतरला!"

डुबकी शिकवणाऱ्या संस्थेच्या अंगणात एकच गलका झाला. मागचे टाचा उंचावत होते, पुढचे मोबाइल उंचावत होते आणि मधल्या हौदात हवेच्या दोन टाक्या उभ्या होत्या. समुद्राच्या तळाशी जाताना पाठीवर बांधतात त्या. एक निळ्या कापडात गुंडाळलेली, दुसरी लाल. दोन्हींचे हवेचा दाब दाखवणारे काटे सुरुवातीला दोनशेवर होते. निळ्या टाकीच्या तोंडावर एका पुरुषाने हात ठेवला, तिचा काटा ढिम्म हलला नाही. लाल टाकीवर एका बाईने हात ठेवला, आणि लांबलचक मंत्र संपेपर्यंत तिचा काटा एकशेऐंशीवर आला.

"मी नाही बोलत, समुद्र बोलतोय!" श्वासगुरू डोळे मिटून म्हणाले. गळ्यात शिंपल्यांच्या माळा, अंगात पांढरा झगा, आणि उभ्या आयुष्यात गुडघ्याच्या वर पाणी लागलेलं नाही. "बाईचा श्वास समुद्र पिऊन टाकतो. खोल पाण्यात बाई म्हणजे फुटकी घागर! स्वतः बुडेल, बरोबरच्यांनाही बुडवेल!"

लोकांनी धडाधड हात जोडले. जन्मात पाण्यात न उतरलेल्यांना तर पहिल्यापासूनच हे ठाऊक होतं म्हणे.

लाल टाकीवर हात ठेवणारी ती बाई म्हणजे मासोळी. हे नाव तिच्या वडिलांनी, अप्पांनी ठेवलेलं. तेही याच संस्थेत पाणबुडे होते. दादाला आणि तिला त्यांनी एकाच दिवशी पाण्यात उतरवलं होतं. आता पाणबुड्यांच्या तुकडीचा प्रमुख नेमायचा होता आणि नावं दोनच होती, दादाचं आणि तिचं. संस्थेच्या मालकांना धड निर्णय घेता येईना, तेव्हा त्यांनी हे सोंग बोलावलं. कौल बाईच्या विरुद्ध गेला, तर मासोळीने यापुढे काठावर बसून पावत्या फाडायच्या आणि तिच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन मुलींनी घरी जायचं, असं ठरलं होतं.

मासोळीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण खरं सांगायचं, तर क्षणभर तीही चरकली. काटा तिच्या डोळ्यांदेखत उतरला होता. हौदात एक बुडबुडा आला नव्हता, म्हणजे गळतीही नाही. मग हवा गेली कुठे?

आणि समुद्राची ही तऱ्हा तिला आजवर कशी दिसली नाही? पाण्याखाली पहिली हवा संपायची ती नेहमी दादाची. त्याच्यापायी सगळ्या तुकडीला वर यावं लागायचं. मासोळीच्या टाकीत तेव्हाही भरपूर शिल्लक असायची. दादाला ते झोंबायचं. "बाईमाणसाला हवा लागते तरी किती!" असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. तोच दादा आता गुरूंच्या शेजारी मान डोलवत उभा होता.

"अजून कोणाला शंका?" गुरू गरजले. "आणा दुसरी लाल टाकी! या शिकाऊ पोरीचाही श्वास पाहू."

दादा लगबगीने आत गेला आणि टाकी घेऊन आला. नेहमीसारखीच, मानेला धरून. टाकी सगळे मानेलाच धरून उचलतात, अंगाला कोणी हात लावत नाही. मासोळीला अप्पांचं वाक्य आठवलं, "आधी पोटाला हात, मग काट्याला डोळे." ती पुढे झाली आणि तिने कापडाखाली हात घातला.

टाकी तापलेल्या पोरासारखी कढत होती.

"स्पर्श नको! विटाळ होईल!" गुरू किंचाळले.

"होऊ दे," मासोळी म्हणाली. "दादा, या टाकीवर तू हात ठेव."

"मी कशाला? ती बायकांची आहे."

"मग बरंच आहे की! पुरुषाचा श्वास समुद्र पीत नाही ना? मग घाबरतोस कशाला?"

"ठेव की हात!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. मघाशी हात जोडणारेच आता मजा बघायला पुढे सरकले. दादाने मालकांकडे पाहिलं. मालकांनी आभाळाकडे पाहिलं.

"मंत्राचा मुहूर्त टळला," गुरू पुटपुटले.

"मंत्र मी म्हणते. बे एके बे, बे दुणे चार..."

टाकी हौदात गेली. दादाने तोंडावर हात ठेवला. मासोळीने आपला हात निळ्या टाकीवर ठेवला आणि पाढे म्हणत राहिली. लोकही सुरात सूर मिसळू लागले. दहाच्या पाढ्यापर्यंत लाल टाकीचा काटा चांगलाच खाली आला होता. निळीचा जिथल्या तिथे.

"अगंबाई!" एक म्हातारी खदखदली. "समुद्राला दादाही आवडला की!"

हशा ओसरल्यावर मासोळी बोलली. "हवा घाईघाईने कोंबली की टाकी तापते. तापलेली हवा जास्त जोर लावते, काटा वर जातो. गार पाण्यात टाकी निवते, काटा खाली येतो. हवा कुठेही जात नाही. निळी टाकी कालच भरून गार केलेली, लाल टाक्या खेळाच्या तोंडावर भरलेल्या. हात लागून पितळ उघडं पडू नये, म्हणून ही कापडं."

"पण बायकांत नि पुरुषांत फरक असतोच ना?" मालकांनी हळूच विचारलं.

"असतो. बाईचं शरीर बहुधा लहान, म्हणून तिला बहुधा हवा कमी लागते. आडदांड बाई आणि किडकिडीत पुरुष असेल, तर उलटं. घाबरलेल्याला जास्त लागते, मग तो कोणीही असो. पोटुशी असताना डुबकी नको म्हणून डॉक्टर सांगतात, तेही मी ऐकते. कारण ते तपासून सांगतात. शिंपल्याच्या माळा घालून सांगत नाहीत."

माळांचा खुळखुळाट फाटकाबाहेर गेला, तेव्हा कुठे लोकांना गुरू निसटल्याचं कळलं. त्यांच्यामागे कोणी गेलं नाही. सगळ्यांच्या नजरा हवा भरायच्या खोलीकडे वळल्या होत्या. तिची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असायची.

"झालं गेलं सोडून द्या," मालक म्हणाले. "भावाबहिणीचं आपसातलं..."

"आपसातलं नाही," मासोळी म्हणाली. "गरम टाकीचा काटा खोटा असतो, हे ज्याला माहीत आहे आणि तरीही जो ती भरलेली म्हणून दाखवतो, त्याच्या भरवशावर लोक खाली उतरतात. दादा, अप्पांनी आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. किल्ली दे."

दादाने मान वर केली नाही. कमरेची किल्ली मात्र सोडून दिली.

दोन्ही शिकाऊ मुली तोवर टाक्यांची कापडं सोडत होत्या. ती म्हातारी हौदाशी आली आणि तिने ओल्या टाकीच्या पोटावर तळवा टेकला. मग एकेक करून बाकीचेही आले. मघाशी जोडलेले तेच हात होते. तुमच्याही गावात उद्या कोणी काटा हलवून दाखवील. तेव्हा हात जोडण्याआधी हात लावून बघा, आणि लावू नका म्हणाला, तर नक्कीच लावा.