डिस्कवरचा आळ

वीज गेली तेव्हा नेरियो ब्राचो शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर उघडून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पंखा घरघरून थांबला आणि दाराबाहेर दबा धरून बसलेली माराकाइबोची दुपार सरळ आत शिरली.

"घ्या! नेमका आत्ता मुहूर्त सापडला बाईला." विजेला ते बाई म्हणत. जरा मनाविरुद्ध झालं की रुसून निघून जाणारी बाई.

समोर त्यांची मुलगी इस्मेल्दा निबंध तपासत होती. ती त्याच शाळेत साहित्य शिकवायची, म्हणूनच हे लचांड घरी आलं होतं. शाळेतून बाहेर पडलेल्या सगळ्या मुलांचे गुण त्या एका डिस्कवर होते. अर्धं गाव देश सोडून गेलेलं. परदेशात, लिमात, बोगोतात कुणाला कॉलेजात नाव घालायचं तर या गुणांचा दाखला लागे. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि परवा वीज जाऊन धाडकन परत आली, तेव्हापासून कॉम्प्युटरला आपली डिस्क दिसेनाशी झाली होती.

"कॉम्प्युटरचा दुकानवाला म्हणतो, डिस्क जळाली," इस्मेल्दा म्हणाली.

"तो दुसरं काय म्हणणार! या गावात वीज जरा लचकली की डिस्क जळाली. पोर रडलं की दृष्ट लागली, तसं."

"पण आतून टकटक येतेय. मीसुद्धा ऐकली."

"येतेय ना. ती डोकं आपटून घेतेय. पण तिला आपटायला कोण लावतंय, ते बघायला नको?" त्यांनी घामाने भिजलेला चष्मा सदऱ्याला पुसला. "आधी केबल. मग वीज नीट पोचते का ते. मग ती जिथे जोडतात ती जागा आणि तिच्यामागचा कंट्रोलर. या सगळ्यांची झडती झाली की मग डिस्क. आळ तिच्यावर सगळ्यात शेवटी."

"कंट्रोलर म्हणजे?"

"डिस्क आणि बाकीचं यंत्र यांच्यामधला दुभाष्या. तो बरळायला लागला की दोघं एकमेकांना मेलेली. केबल बदलली, विजेची वायर बदलली, फरक नाही. पण गंमत बघ. ही पहाटे गारव्याला दिसते आणि ऊन चढलं की गायब. मेलेलं माणूस रोज पहाटे उठतं का? उद्या तुझ्या कॉम्प्युटरला लावून बघू. त्याचा दुभाष्या वेगळा."

मग त्यांनी थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं. वीज गेल्यावर जे बोलायचे तेच आता येणार, हे इस्मेल्दाला ठाऊक होतं.

"एव्हाना भावाजवळ असतीस तू, सान्तियागोत. गार हवा, पुस्तकांची दुकानं. माझ्यापायी अडकलीस, पोरी."

"कॉफी करू?" ती म्हणाली. दर वेळी ती हेच म्हणायची.

"कर. गॅस अजून रुसलेला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणातल्या, रोज झोपायच्या झुल्यातून उठलेच नाहीत. कॉफी घेऊन गेलेली इस्मेल्दा कप तसाच घेऊन परत आली. तो मोरीत ओतला, विसळला, पालथा घातला. मग कुंपणाशी जाऊन शेजाऱ्यांना हाक मारली.

गेलेल्यासाठीच्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थना झाल्या. उसन्या आणलेल्या खुर्च्या परत गेल्या. टेबलावर कॉम्प्युटर तसाच उघडा पडून होता. ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवायची.

मग एका दुपारी शाळेच्या ऑफिसातल्या योलेइदा आल्या, ओढणीएवढ्या रुमालाने मान पुसत.

"प्रोफे," शिक्षकांना सगळे असंच म्हणत, "राग मानू नका. मोठ्या बाईंनी कॉम्प्युटर आणायला पाठवलंय."

"दुरुस्त कुठे झालाय?"

"तेच तर." योलेइदा खुर्चीच्या टोकावर टेकल्या. "तो दुकानवाला गावभर सांगतोय, माझ्याकडे ठेवली असती तर डिस्क वाचवली असती, म्हाताऱ्याने उघडून तिचा जीव घेतला. मोठ्या बाईही तेच म्हणतात आता. एका माणसाच्या हौसेपायी सगळ्या पोरांचे गुण बुडाले म्हणे. माझा मुलगा रेनी लिमात दाखल्याची वाट बघत बसलाय, प्रोफे. त्याला काय सांगू?"

"तुम्हालाही तसंच वाटतं?"

"मला? मला नेरियोंनी इस्त्री नीट करून दिली, रेडिओ नीट करून दिला. बायको गेल्यावर एकदा म्हणाले, योलेइदा, आता एवढं येणंजाणं आहे तर लग्नच करून टाकू! मी कशाला वाईट बोलू त्यांचं?" त्या हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. "पण टकटक मी या कानांनी ऐकलीय."

इस्मेल्दाने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. खरंच त्यांच्या हातून काही झालं असेल तर? शेवटी शेवटी त्यांचे हात थोडे कापायचे. तिने ते पाहिलं होतं, आणि विचारलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "तुमच्यासमोरच बघते. मग न्या."

आधी तिने शाळेचा कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर डिस्कचं नाव नाही. थोड्याच वेळात टकटक सुरू झाली, कुणी बंद खोलीतून दार वाजवावं तशी.

"बघा!" योलेइदा म्हणाल्या.

तिचे पापा करायचे तसं तिने डिस्कची केबल जिथे खोचली होती तिथल्या मागच्या काळ्या चौकोनाला, त्या दुभाष्याला, बोट लावलं. चटका बसून बोट मागे आलं. डिस्क मात्र नुसती कोमट होती.

तिने यंत्र बंद केलं, वायर काढली. आपला कॉम्प्युटर आणून आडवा केला. आत हात घालण्याआधी पापा लोखंडी पेटीला हात लावत, अंगातली वीज उतरवायला, तिनेही लावला. स्क्रू हातातून दोनदा निसटला. डिस्क सोडवून आणून तिने आपल्या कॉम्प्युटरला जोडली. योलेइदा गावाची राखण करणाऱ्या चिनिता आईचं नाव घेऊ लागल्या.

बटण दाबलं. टकटक नाही. नुसती बारीक, एकसुरी घूं. मग पडद्यावर नाव उमटलं, आणि त्याखाली एकेका वर्षाचे कप्पे.

भर दुपार होती. पंख्याचं वारंही गरम येत होतं. डिस्क दिसतच राहिली.

"रेनी शोधा!" योलेइदा ओरडल्या. इस्मेल्दाने शोधला. योलेइदा वाकून बघत राहिल्या. "अगं बाई. गणितात एवढेच? मला तर त्याने वेगळे सांगितले होते!"

सगळं उतरवून घ्यायला दुपार गेली. मध्येच पंखा मंदावला, पडदा पिवळा पडला. दोघींनी श्वास रोखला. वीजबाईंनी विचार बदलला आणि त्या राहिल्या. शेवटची वर्षं उतरली तेव्हा योलेइदांनी आपला पेन ड्राइव्ह रुमालात गाठ मारून छातीशी खोचला.

"आता आधी त्या दुकानवाल्याकडे जाते. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगते त्याला." दाराशी त्या थांबल्या. "नेरियो असते तर काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, कॉफी न घेता चाललात?"

त्या गेल्यावर इस्मेल्दा डिस्क हातात घेऊन बसली. कोमट, जड, धडधाकट. गल्लीतल्या प्रत्येक यंत्राला त्यांनी हा न्याय दिला होता, आळ शेवटी. स्वतःच्या बाबतीत मात्र पहिला आळ तेच घ्यायचे, ती इथे अडकल्याचा. आणि तिने घेऊ दिला. भावाचा फोन आला की ती म्हणायची, पापांना टाकून कशी येऊ? कुणी त्यापुढे विचारत नसे. जो तो निघून जातोय अशा गावात राहायला आवडतं, हे सांगायची तिला लाज वाटायची. गावालगतच्या तळ्याचा तो कुबट वास, एका कवितेवरून हमरीतुमरीवर येणारी पोरं, संध्याकाळी अंगणात पाणी मारल्यावर उठणारी वाफ. तिला हवं होतं हे. भावाकडे जायच्या कागदांवर तिची सही राहिली होती ती पापांच्या म्हातारपणापायी नव्हे.

संध्याकाळी वीज गेली. पंखा घरघरून थांबला. अंगणात रिकामा झुला दिसत होता; तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"कॉफी क..." तिच्या तोंडून निघालं, आणि ती थांबली. उठून दारापर्यंत गेली.

"पापा," ती मोठ्याने म्हणाली, "मी तुमच्यापायी नाही अडकले. मला इथेच राहायचं होतं."