शीलाच्या गाडीचं लाल तेल

क्लच नसलेली गाडी असती हे मला पहिल्यांदा सांगितलं, तवा मी सांगणाऱ्याच्या तोंडावर हसलो होतो. क्लच न्हाई ती गाडी कशाची, खेळणं म्हणा की! सव्वीस वर्षं ट्रॅक्टर चालवला मी. आमच्या हट्टा गावात कुणाच्या ट्रॅक्टरचा गिअर अडकला तर लोक मिस्त्रीच्या आधी तातेरावाला फोन लावतेत. अन् आता माझ्याच दारात अशी गाडी उभी, जिला डाव्या पायाचं कामच न्हाई.

डाव्या पायाचं काम न्हाई म्हणूनच घेतली. आमच्या पोरीचा, सत्यशीलाचा, डावा पाय घोट्यापासून गेला. तीन वर्षं झाली. ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली, चालवणारा मी. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उतरताना गचका बसला. पुढचं मला सांगायला लावू नका. तवापासून कॉलेजला, दवाखान्यात, बाजारात, तिला जिथं जायचं तिथं मीच मोटरसायकलवर मागं बसवून नेतो. एक दिवस खाडा केला न्हाई.

तिला जवळा बाजारला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. गावोगाव फिरून शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायची. साहेबानं तिच्या पायाकडं बघून विचारलं, "फिरशील कशी?" तर ही म्हणली, "माझी गाडी हाय साहेब, मी स्वतः चालवते." सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, गाडी घेऊन. अन् शुक्रवारपासून गाडी झटके देऊन राहिली. गिअरचा दांडा डी वर टाकला की आधी गप्प, मग धाडकन पुढं. डी म्हणजे पुढं जायचं, आर म्हणजे मागं, पी म्हणजे उभं राहायचं, एवढं पोरीनं मला शिकवलं होतं. ज्याच्याकडून ही जुनी गाडी घेतली त्याला फोन लावला तर तो निवांत म्हणतो, गिअरचं तेल आपण कधी बदललंच न्हाई. नांदेडच्या गॅरेजवाल्यानं गुरुवारची तारीख दिली.

"गुरुवार कशाला?" मी म्हणलं. "तेलच बदलायचं ना? शेतातल्या आखाड्यावर बदलतो. रविवारी दुपारपर्यंत गाडी तयार."

"आबा, ह्याची तऱ्हा येगळी असती," शीला म्हणली.

"तेल ते तेल, बाई."

असं म्हणलो खरं.

शनिवारी वसमतला शिवहार तेलवाल्याकडं गेलो. त्यानं गाडीचं नाव विचारलं, पुस्तक चाळलं अन् सांगितलं, "ह्या गिअरबॉक्सात सात लिटर बसतं, तातेराव." म्हणून लिटरचे सात डबे आणले. रविवारी सकाळी गाडी शेतातल्या कोरड्या चारीवर उलटी नेऊन उभी केली, दोन्ही बाजूची चाकं दोन्ही काठांवर अन् तोंड रस्त्याकडं. चाकांना दगड लावले, खाली चारीत मी आडवा झालो. गिअरबॉक्सचं बूड बराबर सापडलं, नट बराबर सापडला. नट काढला अन् तेल आलं. लालभडक न्हाई, पण लालच. काळपट, जळका वास येणारं.

"अगं माय, रक्त!" वरून कौशल्या ओरडली. ती माझी बायको. शेळ्या सोडायला आल्ती अन् कामधाम सोडून बघत उभी राहिली.

"रक्त कशाचं, तेल हाय ते," मी म्हणलं. पण खरं सांगू का, मलाही धडकी भरली होती. गिअरचं तेल लाल असतं हे मी जन्मात बघितलं नव्हतं.

तेल घमेल्यात गळून संपलं. शीला म्हणली, मोजून ठेवा, जेवढं निघालं तेवढंच परत घालायचं. मी कौशल्याचं दुधाचं लिटरचं माप उचललं.

"खबरदार! त्यात दूध घालते मी," कौशल्या म्हणली.

"नवीन आणून देईन."

"तुमचं नवीन मला माहीत हाय."

मोजलं. एक, दोन, तीन, अन् वर अर्धं. साडेतीन. घमेलं उलटं केलं, झटकलं. साडेतीन म्हणजे साडेतीनच.

आता सांगा. शिवहार म्हणतो सात बसतं. निघालं साडेतीन. बाकीचं गेलं कुठं? चारीत सांडलं न्हाई, गाडीखाली डाग न्हाई. मी म्हणलं, विकणाऱ्यानं फसवलं, निम्म्या तेलावरच गाडी दिली आपल्याला! तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच फोन लावून त्याची खरडपट्टी काढणार होतो, तर शीलानं फोन काढून घेतला.

"आबा, उरलेलं आतच राहतं. खालून सगळं निघत न्हाई. मी व्हिडिओत बघितलंय."

"नट तळाला हाय. तळातून काढल्यावर आत कसं राहील? पाणी वर चढतं का कधी?"

"शेळी न्हाई का पान्हा चोरत?" कौशल्या म्हणली. "तुमी कितीबी पिळा, पिलासाठी ठेवते म्हणजे ठेवते. गाडीबी चोरून राहिली असंल."

मी दोघींकडं बघितलं. एक फोनातून शिकलेली, दुसरी शेळीकडून. ह्या दोघींमधे माझी सव्वीस वर्षं गेली कुठं?

तरी पोरीचा मान राखला. साडेतीन लिटर नवं तेल मोजून, तेलाची पातळी बघायच्या गेजच्या नळीतून नरसाळ्यानं आत घातलं. वर एक धार जास्त सोडली. आमच्यात दुधाचं माप झाल्यावर वर एक धार देतेतच, हात आपोआप जातो. मग गेजची पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. तेल खुणेच्या चार बोटं वर!

इथं माझं डोकं चक्रावलं. सात लागतं. साडेतीन घातलं. अन् पट्टी म्हणती जास्त झालं. एका धारेनं चार बोटं? परत पुसून बघितलं, तेच. कौशल्याला बघायला लावलं, तेच.

शीला म्हणली, "आबा, इंजिन चालू करून बघायचं असतं."

"काय?"

"गाडी चालू ठेवून गेज बघायचं."

आता मी चिडलोच. "अगं, चालू गाडीत कुणी तेल मोजतं का? गाडी बंद करायची, थंड होऊ द्यायची, मग पट्टी काढायची. पोरगं ट्रॅक्टरवर बसायला लागलं की त्याला पहिलं हेच सांगतेत. जास्त तेलावर चालू केली तर सील फुटतील, सोमवार गेला मग तुझा!"

  मी परत चारीत उतरलो, नट ढिला केला अन् पट्टी खुणेवर येईपर्यंत तेल सोडत गेलो. माप लावून दोन लिटर निघालं, ते रिकाम्या डब्यांत ठेवलं. म्हणजे आत घातलेल्यातलं राहिलं दीड. सात लिटरच्या जागी दीड! मला कळत होतं की काहीतरी चुकून राहिलंय, पण काय ते कळेना. डोळे सांगत होते खुणेवर हाय, अन् पट्टी काही खोटं बोलायची न्हाई.

"बस आत. चालू कर," मी म्हणलं. दगड काढले.

शीला आत बसली. इंजिन लागलं. दांडा डी वर टाकला. गाडी हलली न्हाई. उजव्या पायानं रेस दिली तर इंजिन नुसतं बोंबललं, गाडी जागची हलायचं नाव न्हाई. आर वर टाकला. काही न्हाई. शुक्रवारपासून झटके देणारी गाडी, आता झटकाबी देईना.

शीलानं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. रडली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं.  एकदा हिचा पाय घेतला मी, आता हिची नोकरी घेऊन राहिलो, अन् दोन्ही वेळेला मला वाटत होतं की मला बराबर येतं.

"उद्या मी सोडतो तुला," मी म्हणलं. "मोटरसायकलवर. गाडी गुरुवारी होईल."

"अन् मंगळवारी, बुधवारी? लसीची पेटी मांडीवर घेऊन तुमच्या मागं बसून फिरू गावोगाव? साहेबाला काय सांगू, गाडी माझी अन् पाय आबाचे?"

कौशल्या म्हणली, "अवो, पोरगी म्हणती ते एकदा करून तर बघा. बिघडली तर हायच. आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

 दगड परत लावले. शीलानं हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून धरला अन् इंजिन चालू केलं. दांडा पी पासून आर, एन, डी असा एकेक जागी थांबवत नेला अन् तसाच परत आणला. "आता काढा," ती म्हणली. मी बाजूला उभा राहून पट्टी काढली. चालू इंजिनात. 

पट्टी कोरडी. टोकाला नुसता लाल थेंब.

आत्ता खुणेवर होतं की! मी पट्टी उलटी करून बघितली. नळीत बोट घातलं. कौशल्याकडं बघितलं, तर ती शेळ्यांकडं बघून हसू दाबत होती.

"इंजिन चालू झालं की ते तेल आत ओढून घेतं, आबा," शीला खिडकीतून म्हणली. "बंद केलं की खाली येतं. म्हणून बंद गाडीत जास्त दिसतं. घाला आता, थोडं थोडं."

घातलं. काढून ठेवलेल्यातलंच अर्धा लिटर, पट्टी कोरडी. आणखी अर्धा, टोक भिजलं. मी घालत गेलो, ती दांडा फिरवत गेली. दोन लिटर पुरे झाले अन् तेल खुणेला येऊन टेकलं. म्हणजे काढलेलं दोन, बराबर तेवढंच परत गेलं. पोरगी सकाळी म्हणत होती तेच साडेतीन. अन् शिवहारचे साडेतीन डबे तसेच उरले. हे सगळं असं कसं, ते मला अजूनबी नीट सांगता यायचं न्हाई. पण जीव भांड्यात पडला.

दगड काढले. डी. गाडी लोण्यासारखी पुढं सरकली. झटका न्हाई, आवाज न्हाई. रस्त्यापर्यंत गेली, आर वर टाकून मागं आली, माझ्यापुढं थांबली.

"मी जवळ्याला जाऊन येते," शीला म्हणली. "रस्ता बघून ठेवते."

"थांब, हात धुतो. मी येतो संगं."

"न्हाई आबा. एकटी जाते."

आता मी खुश व्हायला पाहिजे होतं. दिवसभर ह्याच्यासाठीच चारीत लोळलो होतो. अन् मला काय झालं कुणास ठाऊक, वाटलं, ह्या गाडीनं आणखी चार दिवस बंद राहायला पाहिजे होतं. लाज वाटली मला त्या विचाराची. पोरीला मागं बसवून तीन वर्षं फिरलो, उन्हात फिरलो, पावसात फिरलो, अन् एक गोष्ट तिला कधी म्हणलो न्हाई. मला वाटायचं नेणं-आणणं म्हणजेच ते म्हणणं. आता न्यायचं-आणायचं संपलं अन् म्हणायचं तसंच राहिलं.

मी बॉनेटपुढं उभा होतो. कधी जाऊन उभा राहिलो ते मला कळलं न्हाई.

"आबा," शीला म्हणली, "काय झालं?"

"त्या दिवशी धुऱ्यावर," मी म्हणलं.  "शीले, माझी..."

ती माझ्याकडं बघत राहिली. हॉर्न वाजवला न्हाई, इंजिन बंद केलं न्हाई.

"आबा, वाटेत उभं राहून म्हणू नका," ती म्हणली.  "बाजूला सरून म्हणा. ऐकते मी."

मी बाजूला सरलो. तिच्या खिडकीपाशी गेलो अन् म्हणलं. "माझी चूक झाली, बाई." तिनं ते ऐकून घेतलं, तेलानं भरलेला माझा हात एकदा दाबला, मग दांडा डी वर टाकला.