कोपऱ्यातला उंट

बाबांसमोर खेळायला बसली की थोरली मधल्या प्याद्यांना हातच लावत नसे. वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं, राजाकडच्या घोड्यापुढचं एक घर, आणि मोकळ्या झालेल्या कोनाड्यात उंट. तो खरा उंट ती शाळेत असतानाच हरवला होता. तेव्हापासून त्याच्या जागी भिंतीवरच्या घड्याळाची पितळी किल्ली उभी राही. घड्याळजीच्या घरात तेवढं चालायचंच.

"पटाचा मध्य मोकळा सोडलास," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्याची दया आली वाटतं."

"घ्या की. तुमचंच आहे सगळं."

बाबांनी दोन्ही प्यादी ऐटीत मध्यात आणून ठेवली.

आई गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहत. गेल्या हिवाळ्यात जिन्यावरून पडले, तेही शेजाऱ्याकडून कळलं. धाकट्याने समोरूनच चढाई केली होती, "बाबा, चला आमच्याकडे." बाबांनी चहा पाजून त्याला वाटेला लावलं. थोरलीने तोंडातून ब्र काढला नाही. तिने कामाचा दिवा वायर बदलायला म्हणून नेला. मग भिंग. मग गिऱ्हाइकांची अडलेली दोन घड्याळं. सगळं तिच्या खिडकीशी, बाबांना सोयीच्या उंचीच्या टेबलावर मांडलेलं होतं. ते बघायला म्हणून बाबा जात आणि जेवूनच परतत. परवा तर स्वेटरही तिकडेच राहिला.

इकडे पटावर बाबांची प्यादी दिमाखात उभी होती. त्यांना राखता राखता घोडे, वजीर, सगळे पहारेकरी होऊन बसले होते. किल्ली मात्र कोपऱ्यातून तिरकी, थेट पलीकडच्या हत्तीवर डोळा ठेवून होती.

बाबांनी चष्मा काढला. एकदा पटाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"हा डाव मीच शिकवला ना तुला?"

"चाली तुम्ही शिकवल्यात. डाव आईचा."

बाबा खुदकन हसले. "दुकानाचा पत्ता नव्हता, तेव्हा तिने पडदे शिवून ठेवले होते. वाया जातील म्हणून घेतलं मी दुकान. फूटपाथवर काय वाईट चाललं होतं माझं?" मग त्यांनी त्या विटक्या पडद्यांकडे पाहिलं.

"तुझ्या टेबलाला डावीकडे खण नाही. डाव्या खणाशिवाय माझं काम होत नाही."

"बसवलाय."

बाबांनी राजा आडवा केला आणि पितळी किल्ली उचलून खिशात टाकली. थोरली सोंगट्या डब्यात भरत राहिली. जिंकल्यावर मधलं प्यादं पुढे ढकलायची तिला काही गरज नव्हती.